चटईला धुरी

बिराजदारांच्या घरात सासू-सुनेचं वाजलं ते एकदाच, आणि तेही धुरीवरून. वाद तसा चहा उकळायच्या आत मिटला. मिटवला शलाकानेच, आणि आपण तो किती समजूतदारपणे मिटवला याचं तिला दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

झालं होतं असं की, तीन महिन्यांच्या किमयाला सर्दी झाली होती. शलाकाला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला महानंदाबाईच गावाहून लातूरला येऊन राहिल्या होत्या. बाई मनाने मोकळ्या, हाताला चलाख आणि बोलायला तर कोणाच्या बापाला न भिणाऱ्या.

"आगं, लेकराचं नाक वाजलालंय," त्या म्हणाल्या. "अंघोळ झाली की जरा शेगडीवर धरू दे. ओवा, वावडिंग, लसणाची सालं. दोन दिवसांत मोकळं होतंय बघ."

"मामी, डॉक्टरांनी धूर नको म्हणून बजावलंय." सासूला ती मामीच म्हणायची. "तिची छाती केवढीशी आहे!"

"तुझ्या नवऱ्याला काय कमी दिली व्हय मी धुरी? झाला की घोड्याएवढा."

घोड्याएवढा नवरा, म्हणजे सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धू, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. आई आणि बायको यांच्यामध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण त्याला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात आलं होतं.

महानंदाबाईंचा चेहरा पडलेला शलाकाला बघवेना. तीन महिने या बाईने तिला पलंगावरून खाली पाय ठेवू दिला नव्हता. ती म्हणाली, "लेकराला नको मामी. पण तिच्या कपड्यांना द्या की. दुपट्यांना द्या, चटईला द्या. वास लागेल तेवढा तिला पुरे."

महानंदाबाई खूश झाल्या. गॅलरीत शेगडी पेटली, गोवरीच्या निखाऱ्यांवर ओवा तडतडला, वर बांबूची दुरडी पालथी पडली आणि दुरडीवर किमयाची खेळायची चटई पसरली गेली. "ह्या चटईचा वास मला पहिल्यापासून आवडत न्हाई," बाई म्हणाल्या. "दवाखान्यावाणी. आता बघ कशी ताजी होती." धूर चटईच्या धाग्याधाग्यांतून वर आला, आणि शलाकाला तो वास खरंच फार बरा वाटला.

आता ही चटई म्हणजे साधी चटई नव्हे. त्या वर्षांत लातुरात पिण्या-न्हाण्यापुरतं पाणी नळाला येई, आणि धुण्याचं पाणी ही गोष्ट म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली होती. मोठ्या माणसांचे कपडे सामाईक यंत्रांतून बिनपाण्याचे स्वच्छ होऊन येत. पण रांगत्या, लोळत्या लेकराच्या चटईचं काय करायचं? ती घटकेत ओली, घटकेत चिकट. एका कंपनीने यावर तोड काढली. केळीचे धागे दाबून त्यांचा जाड नमदा केला आणि त्यात सूक्ष्मजीव वस्तीला घातले. लोक तिला जित्ती चटई म्हणू लागले, आणि दोन वर्षांत लेकरू तिथे जित्ती चटई असं होऊन गेलं.

चटईत दोन जातींचे जीव होते. पहिले खादाड. दूध, लाळ, शू, तेल, मळ, जे सांडेल ते फस्त करायचं हेच त्यांचं काम. पण खादाडाला कुठे थांबायचं ते कळत नाही, म्हणून त्यांच्या सोबतीला राखणदार दिले होते. हे दुसरे जीव एक रसायन थोडं थोडं सोडत राहत आणि त्या रसायनाच्या धाकाने खादाड चटईतच कोंडलेले राहत. सांडलेलं संपलं की निजायचे, नवीन सांडलं की उठायचे. चटई धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही, साबण, फिनेल काही लावायचं नाही. सूचनांत सगळं बजावलं होतं. धुरीचं नाव मात्र त्यात नव्हतं. ज्यांनी सूचना लिहिल्या त्यांच्या घरी धुरी देत नसावेत.

आणखी एक करामत होती आणि कंपनीची खरी जाहिरात तिचीच होती. चटई घरी आली की पहिला आठवडा आईने अंगावर वापरलेला गाऊन तिच्यात गुंडाळून ठेवायचा. धाग्यांत बारीक बंद कण बसवलेले होते. ते आईच्या अंगाचा वास शोषून घेत आणि पुढे कितीतरी महिने कणाकणाने सोडत राहत. तान्ह्या लेकराला आई आधी डोळ्यांनी कळत नाही, नाकाने कळते. आई तासभर बाहेर गेली तरी चटईवरचं लेकरू आपलं आईपाशीच असल्यासारखं शांत. शलाकाला ही सोय फार आवडली होती. बाथरूमला जायची चोरी नाही म्हणजे काय, ते बाळंतिणीलाच विचारावं.

धुरीनंतर चटई पूर्वीपेक्षाही चकचकीत दिसू लागली. किमयाने दूध ओकलं की शलाका फडकं आणायला वळे, आणि फडकं घेऊन येईतो डाग गेलेला असे. महानंदाबाईंनी सिद्धूला चारचारदा ऐकवलं, "बघ, तुमच्या कंपनीला जमलं न्हाई ते माझ्या ओव्यानं केलं." सर्दीही आपोआप गेली, तिचंही श्रेय ओव्यालाच मिळालं.

पहिल्यांदा खटकलं ते टाळूचं. किमयाला निजवताना तिच्या टाळूवर नाक टेकवून बसायची शलाकाला सवय होती. दूध, तेल आणि आणखी काहीतरी कोवळं यांचा मिळून एक वास तिथे असायचा. तो वास घेतला की तिच्या अंगातला सगळा शिणवटा उतरायचा आणि पान्हा दाटून यायचा. एका दुपारी तिने नाक टेकवलं, आणि तिथे काहीच नव्हतं. काचेच्या ग्लासाचा वास घ्यावा तसं.

आपलंच नाक चोंदलंय, ती मनाशी म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने लसणाची पाकळी ठेचून हुंगली. झणझणीत वास आला. परत येऊन तिने किमयाची मान हुंगली, काख हुंगली, तळवे हुंगले. लेकरू गुदगुल्या होऊन हसलं, पण शलाकाला हसू येईना.

"मामी, हिला तेल लावलंत ना आज?"

"लावलं की रोजच्यावाणी. हल्ली लई लवकर मुरतंय."

किमयाची कातडी कोरडी, कागदासारखी झाली होती. चटईवरचं दूध गेलं तसंच अंगावरचं तेलही जात होतं. शलाकाने अंगातला ब्लाउज काढून नाकाला लावला. दुधाने भिजलेला, दिवसभर घामेजलेला ब्लाउज, आणि वास म्हणून नावाला नाही. संध्याकाळी सिद्धू आला तेव्हा तिने दारातच त्याच्या शर्टात तोंड घातलं. तो लाजला, मग खूश झाला. "घाम येतो पण वासच नाही गं हल्ली," तो म्हणाला. "ऑफिसात सगळे विचारतात, काय लावतोस?"

त्याच आठवड्यात किमयाने अंगावर प्यायचं सोडलं.

शलाका तिला पदराखाली घेई तेव्हा ती तोंड इकडेतिकडे फिरवे, शोधत राही, आणि मग न सापडल्यासारखी किंचाळू लागे. शलाकाच्या छातीला दाटून ठणका लागे, दूध आपोआप गळू लागे, आणि ते गळणारं दूध तोंडाशी असूनही लेकरू परक्या बाईने धरल्यासारखं तिला ढकलत राही. महानंदाबाईंनी घेतलं तरी तेच, सिद्धूने घेतलं तरी तेच. चटईवर ठेवली की मात्र रडणं थांबे. ती पालथी होऊन नमद्यात गाल घासे, ओठांनी धागे चोखू लागे. शलाका दूध काढून बाटलीत भरे आणि तिथेच, चटईवर, तिच्या तोंडात देई. बाटली कोणी धरली आहे हे किमया बघतही नसे.

"नाटकं करतंय," महानंदाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

शलाका चटईशेजारी फरशीवर बसून राही. आपल्या लेकीची आई तिच्यासमोर पसरलेली आहे आणि आपण बाटली धरायला ठेवलेली बाई आहोत, असं तिला वाटे, आणि त्या चटईचा तिला इतका राग येई की ती फाडून टाकावी. पण फाडली तर किमया पिणार कशावर?

वजन उतरू लागलं तेव्हा ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉ. तबस्सुम काझींनी किमयाला तपासलं, तिघांच्या अंगावरून कापूस फिरवून नमुने घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः घरी आल्या. हातमोजे घालून त्यांनी चटईचा एक कोपरा कापून डबीत टाकला. मग खुर्ची ओढून बसल्या.

"या चटईला तुम्ही काही केलंत का? साबण, फिनेल, कापूर, गोमूत्र? रागावणार नाही मी. लोक सगळं करतात."

मग महानंदाबाई म्हणाल्या, "मी धुरी दिली. ओव्याची."

"आई!" सिद्धू ओरडला. "तुला शंभरदा सांगितलंय, नको ते उपद्व्याप करू नकोस! माझं लेकरू—" आणि तो जे बोलत सुटला ते महानंदाबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात कोणाचं ऐकून न घेतलेल्या त्या बाईला तसं बघणं शलाकाच्याने होईना. तरी ती क्षणभर गप्प राहिली. त्या क्षणाची तिला पुढे फार लाज वाटली.

"मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "किमयाला देणार होत्या. मीच म्हणाले, चटईला द्या."

सिद्धू तिच्याकडे वळला. डॉ. काझींनी हात वर केला.

"कोणी सांगितलं याने आता काही बदलत नाही. ओव्यात थायमॉल असतं. जंतू मारायला माणसं ते पिढ्यानपिढ्या वापरत आलीत आणि ते खरोखर मारतंही. तुमच्या चटईतले राखणदार त्याने मेले. खादाडांना मात्र कंपनीने जाड कवच दिलं होतं, कोणी चुकून फिनेल ओतलं तरी चटई बंद पडू नये म्हणून. राखणदार गेल्यावर त्यांना अडवणारं कोणी उरलं नाही. ते चटईतून तुमच्या अंगावर आले. माणसाच्या कातडीवर तेल असतं, घाम असतो, त्यांना आणखी काय हवं? आपला वास त्या तेला-घामातूनच तयार होतो. तो तयार व्हायच्या आत ते खाऊन टाकतात."

"मग किमया चटईवर का पिते?" शलाकाने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि मग नजर चटईकडे वळवली. "कारण त्या बंद कणांपर्यंत खादाड पोचू शकत नाहीत. तुमचा वास आता तुमच्याकडे नाही. या चटईकडे आहे."

महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"राहू द्या मग चटई," सिद्धू म्हणाला. "पितेय ना त्यावर? मोठी झाली की सुटेल."

"वजन का उतरतंय मग? ती चटई चोखते. खादाड आता तिच्या पोटात आहेत. दूध पोटात जातंय, पण ते तिच्या वाट्याला पुरतं येत नाही. चटई घरात आहे तोवर अंगावरून कितीही धुऊन काढलं तरी ते परत येत राहणार. चटई जाळावी लागेल. तुम्ही तिघं आणि बाळ, सगळ्यांना आमच्या उपचार केंद्रात यावं लागेल."

"आणि माझा वास?" शलाका म्हणाली. "परत येईल?"

"येईल. कातडी स्वच्छ झाल्यावर हळूहळू येतो. काही महिने लागतील बहुतेक. आम्हालाही अजून नीट माहीत नाही, हे नवीन आहे." त्यांनी डबीचं झाकण घट्ट केलं. "बाळं जे शिकतात ते साधारण याच महिन्यांत शिकतात, म्हणून मी घाई करतेय."

त्यांनी पुढचं सांगितलं नाही, पण शलाकाला कळलं. चटई गेली की किमयाच्या जगात आई म्हणून काहीच उरणार नव्हतं. आणि आईचा वास परत येईल तेव्हा तो कोणाचा हे ओळखायचे दिवस निघून गेलेले असतील. चटई ठेवली तर लेकरू आईला धरून राहील आणि वाळत जाईल. चटई जाळली तर जगेल.

शलाकाने स्वतः चटईची गुंडाळी केली. किमया तिच्या कडेवर होती आणि गुंडाळीकडे दोन्ही हात करून आक्रोश करत होती. शलाकाने गुंडाळी डॉक्टरांच्या पिशवीत कोंबली, पिशवीचं तोंड आवळलं आणि म्हणाली, "न्या लवकर. माझा विचार बदलायच्या आत न्या."

शहराबाहेर एका बंद पडलेल्या वसतिगृहात ते केंद्र होतं. बायकांचं दालन वेगळं, पुरुषांचं वेगळं. दालनात शिरताच शलाकाला धसकाच बसला. आपण एकटेच असू असं तिला वाटत होतं, आणि इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत खाटा भरलेल्या. प्रत्येक खाटेवर एक आई आणि एक लेकरू. एकीने चटईला कापूर जाळला होता, एकीने निलगिरीचं तेल शिंपडलं होतं, एकीने उदबत्तीचं घर चटईखाली ठेवलं होतं. जिला जे शुभ वाटलं, ताजं वाटलं, ते तिने केलं होतं. एवढ्या बायका, एवढी लेकरं, बाळंतिणींची एवढी मोठी खोली, आणि तिला कसलाच वास नव्हता. महानंदाबाई दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "मसणात बी वास असतोय गं."

शेजारच्या खाटेवर औशाची पद्मिनी होती, तिचा मुलगा किमयाएवढाच. तिने चटईचा एक तुकडा कापून उशीच्या अभ्र्यात दडवून आणला होता. तो हुंगवला की तिचा मुलगा गटागटा पीत असे. पहिल्या संध्याकाळी तिने तो तुकडा शलाकापुढेही धरला. "तुमचा न्हाई, पर चटईच हाय. बघा लावून."

किमया रडून रडून निळी पडली होती. शलाकाचा हात पुढे गेला. मग तिने पद्मिनीच्या मुलाच्या बरगड्या बघितल्या आणि हात मागे घेतला. "फेक तो," ती म्हणाली. "पद्मिनी, फेक तो. तुझं लेकरू बघ." पद्मिनी रडली, भांडली, आणि शेवटी तो तुकडा तिने सिस्टरच्या हातात दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सगळ्यांना रोज औषधी पाण्याने घासून काढत. लेकरांना नळीने दूध देत. सबंध दालन रडत असे, आणि आयाही त्यात भर घालत. आणि मग, रोज थोडं थोडं करत, रडणं कमी झालं. एके सकाळी शलाकाने सवयीने किमयाला पदराखाली घेतलं, आणि किमयाने तोंड लावलं. सरळ, शांतपणे, काही न शोधता. शलाका हसत होती की रडत होती तिला कळेना. "मामी, पितेय! मामी, बघा!" महानंदाबाईंनी तिथेच कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी शलाका अंघोळीहून परत आली तेव्हा खाट रिकामी होती. तिने इकडेतिकडे बघितलं. किमया पद्मिनीच्या मांडीवर होती आणि पद्मिनीच्या अंगावर पीत होती. मुठी सैल, डोळे अर्धे मिटलेले.

"रडलालतं लेकरू, म्हणून घेतलं," पद्मिनी म्हणाली. "राग मानू नका. माझं बी काल तुमच्याकडं पेलंच की."

ते खरंच होतं. काल पद्मिनी तपासणीला गेली होती तेव्हा शलाकाने तिच्या मुलाला घेतलं होतं. तो लगेच प्यायला लागला होता आणि तिलाही पान्हा फुटला होता. त्या वेळी तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता ती पद्मिनीसमोर उभी होती आणि आतून थंड पडत चालली होती.

पद्मिनीने किमयाला सोडवून शलाकाकडे दिलं. किमयाने क्षणभर थांबून तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि ती पुन्हा प्यायला लागली. पद्मिनीकडे बघत होती तशीच ती शलाकाकडे बघत होती.

डॉ. काझी फेरीला आल्या तेव्हा त्यांनी किमयाचं वजन केलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "छान भरतंय. पोट साफ आहे. आता कोणाकडेही राहते ना?"

"हो," शलाका म्हणाली. "कोणाकडेही."

"मग उद्या घरी जा."

"डॉक्टर, ती मला ओळखते का?"

डॉ. काझी कागदात बघत होत्या, त्या बघतच राहिल्या. "पिते ना?" त्या हलकेच म्हणाल्या. "सध्या एवढं धरून चला."

निघायच्या दिवशी सिद्धू दाराशी गाडी घेऊन उभा होता, महानंदाबाई बोचकं बांधत होत्या. दालनाच्या टोकाला एका लांब टेबलावर न्हाऊन आलेली लेकरं ओळीने ठेवलेली होती, सगळी सारख्या पांढऱ्या कापडात. शलाका आपल्या लेकीला घ्यायला गेली आणि टेबलाच्या मध्यावर थांबली. कोणीच रडत नव्हतं. ती वाकली, एका टाळूवर नाक टेकवलं, मग दुसऱ्या. किमया कोणती ते तिला ओळखता येईना. मग तिने सरळ होऊन सिस्टरकडे बघितलं.

सिस्टर हसली. तिने चौथ्या लेकराच्या पायावरचं कापड बाजूला केलं. घोट्याला निळी प्लास्टिकची पट्टी होती, तिच्यावर लिहिलं होतं: बिराजदार. सिस्टरने लेकरू शलाकाच्या हातात दिलं आणि पट्टी कापायला खिशातून कात्री काढली.

शलाकाने तो चिमुकला पाय झटकन मुठीत धरला आणि मागे सरकली.

"नको," ती म्हणाली. "असू द्या."